पाण्याविना सफाई : पाटी ड्रायक्लीनची, काम कशाचे?

गोंदियाचे नाव निघाले की तांदूळ, विडी आणि रेल्वे जंक्शन या तीन गोष्टी ज्याच्या त्याच्या तोंडी येतात. चौथ्या एका धंद्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. तो धंदा म्हणजे किमती कपडे आणि जुने कागद पाणी न लावता स्वच्छ करण्याचा. लग्नसराई संपली की आमगाव, तिरोडा, देवरीपासून शेजारच्या बालाघाटपर्यंतची गिऱ्हाइके गाठोडी घेऊन गोंदियाच्या बाजारात येतात. त्या गाठोड्यांत शालू असतात, शेरवान्या असतात, जरदोजीचे दुपट्टे आणि टसरच्या साड्या असतात. काही घरांतून आजोबांच्या काळच्या वह्या आणि खरेदीखतेही निघतात. कपडा लॉन्ड्रीत जातो, कागद जिल्दसाजाकडे जातो. दोघांकडे गिऱ्हाइकाची मागणी एकच असते : साफ करा, पण खराब होऊ देऊ नका.

आज या मागणीविषयी आम्हांला चार शब्द स्पष्टपणे सांगायचे आहेत. लहान शहरांत ‘ड्रायक्लीन’ची पाटी पुष्कळ दुकानांवर लटकते. पाटीमागच्या खोलीत मात्र कधी साबणाच्या पाण्याची बादली असते, कधी पेट्रोलचा डबा. पहिल्या प्रकारात गिऱ्हाइकाची फसवणूक होते आणि दुसऱ्यात कारागिराच्या जिवाशी खेळ होतो. आमच्या मते पाण्याविना सफाई ही डब्यातल्या द्रवाची करामत नव्हे, ती नजरेची आणि हाताची विद्या आहे. ही गोष्ट ज्या दिवशी आपले कारागीर ओळखतील, त्या दिवशी या कामाला मान मिळेल आणि दामही मिळेल.

पाणी घात कुठे करते?

आपल्या भागाचेच उदाहरण घेऊ. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात. ढिवर समाजाने हे काम पिढ्यान् पिढ्या सांभाळले आहे. जवळच भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव, मोहाडी येथे त्या टसरचे कापड विणले जाते. करवतीच्या दातांसारखी किनार असलेली करवती साडी ही विदर्भाची शान आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या साडीची घडण ध्यानात घ्या. तिचे अंग टसरचे असते आणि किनार रंगीत सुताची. पाण्यात गेल्यावर हे दोन धागे एकसारखे वागत नाहीत. ओले झाले की रेशमाचे बळ कमी होते आणि सुताचे वाढते. दोघांचे आकसणेही वेगवेगळे. परिणाम असा की एका धुण्यातच किनार ओढली जाते, अंगाला चुण्या पडतात आणि लाल किनारीचा रंग कच्चा असेल तर तो सोनेरी टसरवर उतरतो. टसरवर नुसता पाण्याचा थेंब सुकला तरी त्याची कड उमटून राहते. अशी साडी बादलीत बुडविणारा माणूस विणकराच्या अनेक दिवसांच्या मेहनतीवर पाणी सोडतो.

भरजरी कामाची गोष्ट याहून नाजूक. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. स्वस्त जरीत तांबे येते. त्याहून स्वस्त जर म्हणजे चमकीचे प्लास्टिक. ओलाव्याने तांब्याची जर काळवंडते, आतला धागा रंग सोडतो. जरदोजीच्या मागे कागद किंवा खळ लावलेली असेल तर ती फुगते. डिंकाने चिकटविलेले खडे निसटतात.

पण म्हणून पाणी वाईट आणि पेट्रोल चांगले असेही नाही. आजच्या पुष्कळ टिकल्या आणि मणी प्लास्टिकचे असतात. त्यांतले काही प्रकार ड्रायक्लीनच्या द्रवात मऊ पडतात, वाकतात, कधी विरघळूनही जातात. म्हणजे ज्या दुपट्ट्याला पाणी चालत नाही, त्याला द्रवही चालेल याची हमी नाही. अशा वेळी उरतो तो कारागिराचा हात.

आधी झटका, मग ब्रश

गोंदियातील धुळीचा स्वभाव निराळा आहे. राइस मिलच्या भट्ट्यांत धानाचा तूस जळतो आणि त्याची राख वाऱ्याबरोबर गावावर पसरते. या राखेचा मोठा हिस्सा सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीचा असतो. तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते धारदार असतात. कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या शालूवर अशी राख बसली आणि धुणाऱ्याने ती ओल्या फडक्याने चोळली, तर कानशीने घासल्यासारखा रेशमाचा तजेला जातो. पाणी लागताच ही राख आणि काजळी धाग्यात खोल उतरते ती वेगळीच.

म्हणून पहिला नियम : चोळायचे नाही. कपडा सावलीत टांगावा, हलक्या हाताने झटकावा. मग मऊ केसांच्या ब्रशने धाग्याच्या दिशेने, एकाच बाजूला धूळ उतरवावी. व्हॅक्यूम असेल तर त्याच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी बांधावी, ओढ अगदी कमी ठेवावी. जरीवर ब्रश फिरवू नये, तिथे केवळ जाळीवरून हवा ओढावी. संग्रहालयांतील जुन्या वस्त्रांचीही पहिली सफाई याच वाटेने होते. त्यासाठी लाखांची यंत्रे लागत नाहीत. लागतात ते वेळ, उजेड आणि सबुरी.

दुसरा नियम : डाग कशाचा ते आधी ओळखा. तेल, तूप, अत्तर हे चिकट डाग. ताजे असतील तर त्यांवर पांढऱ्या खडूची बारीक पूड घालावी, रात्रभर तशीच राहू द्यावी, सकाळी ब्रशने उतरवावी. पुडीने तेल शोषले जाते. मुलतानी मातीही हे काम करते, पण तिचा स्वतःचा रंग असतो, म्हणून फिकट रेशमावर ती नको. जुना तेलकट डाग पुडीने निघत नाही, तिथे द्रव लागतो. उलट सरबत, चहा, घाम हे पाण्यात विरघळणारे डाग आहेत. ते कोरड्या द्रवाने निघतच नाहीत. सरबताचा डाग सफाईनंतर दिसेनासा झाला असे वाटते, पण साखर धाग्यातच राहते आणि इस्त्रीच्या गरमीने काही दिवसांनी पिवळी-तपकिरी होऊन वर येते. गिऱ्हाईक म्हणते, लॉन्ड्रीवाल्याने कपडा जाळला. खरे तर जळलेली असते आतली साखर. पानाच्या काताचा आणि मेंदीचा डाग तर रंगासारखाच बसतो, त्याला हमी देणे म्हणजे खोटे बोलणे.

जुने रफूगर हे सगळे जाणत. उत्तर प्रदेशातील नजीबाबाद हे गाव रफूगरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या आपल्या बंधूंनी काश्मिरी शालींचे भोक असे भरले की सुलटी-उलटी ओळखू येऊ नये. शाल हातात घेताच धागा कोणता, रंग पक्का की कच्चा, आधी कोणी कुठे हात लावला आहे, हे असा कारागीर सांगतो. सफाईचे कामही त्याच नजरेने सुरू व्हावे असे आम्हांला वाटते.

पेट्रोलचा डबा

आता ज्या गोष्टीची चर्चा सहसा दुकानाबाहेर येत नाही तिच्याकडे वळू. अनेक ठिकाणी ‘पेट्रोल वॉश’ हा शब्द उघडपणे वापरला जातो. ज्यांना पेट्रोल परवडत नाही ते रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनवर भागवितात. विचारले तर उत्तर येते, “आमच्या वडिलांनीही असेच केले, काही झाले नाही.” काही झाले नाही ही कृपा समजावी, त्याचा पुरावा करू नये.

हिशेब साधा आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ठिणगी मिळताच पेटू शकते. रॉकेल आणि मिनरल टर्पेंटाइनच्या बाबतीत हे तापमान साधारण ३० ते ४० अंशांच्या घरात आहे. थंडीच्या मुलखात ते त्यामुळे बरेच सुरक्षित मानले जाते. पण मे महिन्यात गोंदियाचा पारा ४२ अंश ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर जातो. म्हणजे इतरत्र ज्या द्रवाला सावध राहून वापरता येते, तोच द्रव आपल्या उन्हाळ्यात पेट्रोलसारखा वागू लागतो. त्यात रेशीम कोरड्या हवेत घासले की विजेची ठिणगी पडते, हे रात्री रेशमी कपडा अंगावरून काढणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. बाजूच्याच टेबलावर गरम इस्त्री आणि कोपऱ्यात कोणाची तरी विडी. यापेक्षा अधिक काय सांगावे?

या आगीच्या भीतीनेच जगभर दुसरे द्रव शोधले गेले. आधी कार्बन टेट्राक्लोराइड आले. ते पेटत नाही, म्हणून कारखान्यांत आणि कपड्यांच्या दुकानांत डाग काढण्यासाठी सर्रास वापरले गेले. जुन्या कारागिरांना ते ‘सी.टी.सी.’ या नावाने आठवत असेल. पण ते यकृत आणि मूत्रपिंड बिघडविते आणि ओझोनचा थरही खाते. म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतात १ जानेवारी २०१० पासून अशा कामांसाठी ते बंद झाले. कोणी आजही बाटलीवर लेबल न लावता ‘जुना माल’ म्हणून देत असेल तर घेऊ नये.

त्यानंतर १९३० च्या दशकापासून पसरले ते परक्लोरोएथिलीन. धंद्यात त्याला ‘पर्क’ म्हणतात. तेही पेटत नाही आणि चिकट डाग उत्तम काढते. पण बंद खोलीत त्याची वाफ रोज नाकातोंडात गेली तर डोके दुखते, चक्कर येते, यकृतावर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारे म्हणून नोंदविले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला. तिकडून काढलेली जुनी यंत्रे उद्या आपल्याकडे ‘स्वस्त सौदा’ म्हणून येऊ लागली, तर घेण्याआधी व्यापारी बंधूंनी दहा वेळा विचार करावा.

मग करायचे काय? द्रव वापरायचा तर तो बंद यंत्रात, जिथे वाफ आतच थंड होऊन परत द्रव होते आणि कारागिराच्या छातीत जात नाही. असे यंत्र एकट्या लहान दुकानदाराला झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण दहा दुकानदारांनी मिळून एक यंत्र घ्यायला काय हरकत आहे? विडीच्या आणि तांदळाच्या धंद्यात भागीदारी चालते, मग सफाईच्या धंद्यात का चालू नये? तोपर्यंत निदान एवढे तरी करावे : उघड्या डब्यात कपडा बुडविणे बंद, राहत्या घरात द्रवाचा साठा बंद, उन्हाळ्यात दुपारचे काम बंद आणि पोराटोरांना या खोलीत प्रवेश बंद.

न्यूयॉर्कचा शिंपी

या धंद्याचा उगम पॅरिसमध्ये झाला असे बहुतेकांनी ऐकले असेल. १९ व्या शतकाच्या मध्यास तिथल्या जोली नावाच्या रंगाऱ्याने दिव्याच्या तेलाने डाग निघतो हे हेरून दुकान थाटले, अशी कथा सांगतात. पण त्याआधीची एक खरी हकीगत आपल्या कारागिरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. न्यूयॉर्कमधील थॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याने कोरड्या सफाईची स्वतःची रीत शोधली आणि ३ मार्च १८२१ रोजी तिचे पेटंट मिळविले. अमेरिकेत पेटंट मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. या कमाईतून त्याने आपल्या कुटुंबाच्या मुक्ततेसाठी आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीसाठी पैसा घातला.

पुढे १८३६ मध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली. जेनिंग्जचा कागद त्यात जळाला, म्हणून त्याची नेमकी रीत आज कोणालाच माहीत नाही. एका शिंप्याने हुनराच्या जोरावर नाव कमावले आणि एक कागद गेल्याने ते हुनर मात्र हरवले. कागद जपण्याची गरज याहून वेगळ्या शब्दांत सांगायला नको.

कागदाची सफाई आणि जिल्दसाज

कागदाच्या बाबतीत पाणी कपड्यापेक्षा जास्त घातक आहे. जुन्या सनदा, शजरे, किताबत केलेली पाने बहुधा काजळ आणि डिंकाच्या शाईने लिहिलेली असतात. डिंक पाण्यात सुटतो, अक्षर पसरते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पावत्या, हिशेबाच्या नोंदी पुष्कळदा कॉपिंग पेन्सिलीने केलेल्या आढळतात. त्या पेन्सिलीत रंग असतो. कोरडी असताना ती साधी करडी दिसते, ओलावा लागताच अख्खे पान जांभळे होते. रबरी शिक्क्यांची शाईही तशीच. म्हणून जुन्या कागदावर ओले बोट लावूनसुद्धा पान उलटू नये.

त्याची कोरडी रीत अशी : टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरावा. पान त्यावर ठेवून मऊ ब्रशने मधून कडांकडे धूळ काढावी, कडेकडून आत कधीही नाही, नाहीतर फाटकी कड दुमडते. धुराची काजळी असेल तर तिच्यासाठी मिळणाऱ्या कोरड्या रबरी स्पंजने नुसते टिपावे. साधी मळकट छटा असेल तर पांढरे खोडरबर किसून त्याचा चुरा पानावर बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवावा आणि झटकून टाकावा. लिहिलेल्या ओळींवर, शिक्क्यावर आणि पेन्सिलीच्या खुणेवर हा चुरा नेऊ नये. पावसाळ्यात बुरशी धरलेले पान आधी पंख्याच्या हवेत, सावलीत पूर्ण सुकवावे. मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून ब्रश करावा. ओली बुरशी पुसली की ती कागदात मुरते, घरात झटकली की छातीत जाते. आणि दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात : चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. गरम लॅमिनेशन एकदा केले की कागद सुखरूप बाहेर निघत नाही.

आमच्या मते हे काम जिल्दसाजांचे आहे. छापील वह्या स्वस्त झाल्यापासून त्यांचा धंदा आटला. पण त्यांच्याइतका कागदाचा पोत ओळखणारा दुसरा कोणी बाजारात नाही. मशिदी आणि मदरशांत कुरआन शरीफच्या जुन्या प्रती आहेत, व्यापाऱ्यांकडे बहीखाती आहेत, घरोघरी निकाहनामे आणि खरेदीखते आहेत. २०२५ मध्ये वक्फ मिळकतींची कागदपत्रे ‘उमीद’ पोर्टलवर चढविण्याचे काम निघाले तेव्हा देशभर जुने कागद शोधण्याची धावपळ झाली. मळलेला, चिकटलेला, अक्षर न दिसणारा कागद स्कॅन करून उपयोग नाही. जो जिल्दसाज अशा कागदाला कोरड्या हाताने वाचण्याजोगा करून देईल, त्याच्या दारात काम आपोआप येईल. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धनाचा विभाग आहे. जाणत्या तरुणांनी तिथली कामाची रीत समजून घ्यावी.

दाम आणि पावती

“एवढा वेळ घालवायचा आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही,” ही तक्रार रास्त आहे. पण तिला जबाबदार कोण? बादलीत बुडविलेल्या कपड्याला आणि दोन तास ब्रशने साफ केलेल्या कपड्याला आपणच एक भाव लावला. शिंपी कापडाचा आणि शिलाईचा हिशेब वेगळा सांगतो, सोनार घडणावळ वेगळी घेतो. सफाईवाल्यानेही दरपत्रकात तीन ओळी वेगळ्या छापाव्यात : पाण्याची धुलाई, द्रवाची सफाई आणि हाताची कोरडी सफाई. तिसऱ्या ओळीचा भाव सर्वांत अधिक असावा. गिऱ्हाइकाला फरक कळला की तो देतो.

पावतीचेही तसेच. ‘माल खराब झाल्यास जबाबदारी नाही’ असे बारीक अक्षरात छापून कोणी सुटत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पैसे घेऊन दिलेल्या सेवेला लागू आहे आणि एकतर्फी अटींविरुद्ध तक्रारीची वाटही त्यात आहे. त्यापेक्षा कपडा घेतानाच उजेडात पाहावा. डाग, विसविशीत जागा, निसटलेले खडे पावतीवर लिहावेत. मोबाइलवर फोटो काढावा, गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि जो डाग निघणार नाही तो निघणार नाही असे तोंडावर सांगावे. असे सांगणारा दुकानदार एक कपडा गमावील, पण गिऱ्हाईक कमावील.

भांडवलासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती जरूर घ्यावी. तिच्यातील १८ व्यवसायांत धोबी आणि शिंपी दोन्ही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. या पैशांतून पेट्रोलचे डबे नव्हे, तर चांगले ब्रश, कमी ओढीचा व्हॅक्यूम, भरपूर उजेडाचे टेबल आणि खोलीला हवा खेळती ठेवणारा पंखा घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

काही जण म्हणतील, मोठ्या शहरांतील साखळी दुकाने आली की आपले काय चालणार? आमचे उत्तर असे की यंत्राचे काम त्यांना जाऊ द्या. करवतीची किनार, आजीच्या शालूची जर, काजळाच्या शाईचे पान यांना यंत्रात कोणी शहाणा घालणार नाही. तिथे हातच लागतो, आणि तो हात आपल्या कारागिरांकडे आहे. त्याला नजरेची शिस्त, धंद्यातला खरेपणा आणि स्वतःच्या छातीची काळजी एवढी जोड द्यायची आहे. येत्या लग्नसराईच्या आधी गोंदियातील लॉन्ड्रीवाल्यांनी, शिंप्यांनी आणि जिल्दसाजांनी एकदा एकत्र बसावे, दरपत्रक ठरवावे, उघडा डबा बंद करण्याचा निर्णय घ्यावा आणि ज्या दुकानात खरोखर पाण्याविना सफाई होते त्याच दुकानावर तशी पाटी राहील असे पाहावे. पाटी खरी झाली की भाव मागायला संकोच वाटणार नाही.